भयकथेतलं माणसाचं क्रौर्य: किती खरं ठेवायचं, किती उघडं दाखवायचं?

ताणाबाणा

नमस्कार मंडळी. भूतखेत नसलेल्या, निव्वळ माणसाच्या क्रौर्यावरच्या भयकथेबद्दल हा धागा काढतोय. चर्चा हवेत राहू नये म्हणून दिवाळी अंकासाठी लिहिल्या जात असलेल्या कथेचा सांगाडाच समोर ठेवतो. त्याची खुशाल चिरफाड करा.

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलचा कारखाना, सोळा माग, वर पत्रा. मे महिना. एकोणीस वर्षांच्या कामगारानं चाळीस हजारांची उचल घेतली आहे. तो काम सोडून जायला निघतो, तेव्हा मालक त्याला सुताच्या गोदामात कोंडतो. चार दिवस. मालक, जॉबर (मागांवर देखरेख करणारा मिस्त्री) आणि चार कामगारांना हे ठाऊक आहे. पाचव्या दिवशी पोरगा मेलेला सापडतो.

खर्डा साडेचार हजार शब्दांचा आहे. मारहाणीचे पाच प्रसंग आहेत, त्यातला पहिला पहिल्याच पानावर. शेवटी त्याचा हात मागात खेचला जातो. वाचलेल्यांना किळस येते, भीती वाटत नाही. शरीराचे तपशील कुठे चुकताहेत? धक्का कुठे आणि किती द्यावा? आणि कोंडणारी माणसं खरी कशी वाटतील?

रातकिडा

आधी धक्क्याबद्दल. साडेचार हजार शब्दांत पाच मारहाणी म्हणजे दर नऊशे शब्दांना एक. दुसऱ्या वेळेपासूनच वाचक सावरून बसतो आणि तिसऱ्या वेळी ओळी गाळून पुढं जातो. या लांबीच्या कथेत उघडी हिंसा एकदाच ठेवा, साधारण तीन हजार शब्दांच्या आसपास, आणि दीडशे शब्दांत संपवा. बाकीच्या चार वेळा फक्त आधीचं आणि नंतरचं दाखवा.

हे जमायला एक पूर्वतयारी लागते. गोदाम कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, कुलूप कुठलं, किल्ली कुणाच्या खिशात, आत काय काय पडलंय, हे सगळं पहिल्या हजार शब्दांत सहज बोलता बोलता येऊन गेलं पाहिजे. प्रसंग सुरू झाल्यावर जागेचं वर्णन करत बसलात की ताण सुटला.

तुम्ही पाठवलेल्या खर्ड्यातला हा तुकडा घेतो:

"जॉबरनं पट्ट्यानं सपासप वार केले. पाठीची सालटी निघाली. रक्ताच्या चिळकांड्या भिंतीवर उडाल्या. तो राक्षसासारखा हसत होता."

पट्ट्यानं वळ उठतात, कातडी फुटते, पण चिळकांडी उडायला धमनी कापली जावी लागते. ही एक चूक. त्याहून मोठी चूक "राक्षसासारखा". राक्षस म्हटलं की वाचक निर्धास्त होतो, कारण तो स्वतः राक्षस नसतो. त्याच जागी हे बघा:

"मालकानं वही उघडली. उचल ४०,०००. त्याखाली खाडे तीन. त्याखाली त्यानं लिहिलं: पट्टी आणि मलम, १८५. मग जॉबरला म्हणाला, बिल जोडून ठेव."

मारहाण पानावर आलेलीच नाही. पट्टी का लागली आणि तिचे पैसे कुणाच्या नावावर चढले, हे वाचक स्वतः जोडतो. स्वतः जोडलेलं डोक्यातून लवकर जात नाही.

न्यायवैद्यक

खर्डा वाचला. तपशिलाच्या चुका बऱ्याच आहेत, पण सगळ्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

बेशुद्धी: डोक्यात दांडका बसून पोरगा दोन तास बेशुद्ध पडतो आणि उठून नीट बोलायला लागतो, असं होत नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त बेशुद्धी म्हणजे मेंदूला मध्यम ते गंभीर इजा. उठल्यावर उलट्या, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणं, मार बसण्याच्या आधीचं काही न आठवणं, तोल जाणं. यातला "तोच तोच प्रश्न" कथेत वापरा, फार परिणाम करतो. रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून क्षणात बेशुद्ध करणं हे निव्वळ सिनेमातलं. काही मिनिटं सतत हुंगवावं लागतं आणि तेवढा वेळ माणूस झटापट करत राहतो.

रक्त: शरीरात किलोमागे साधारण ७० मिलिलिटर. तुमचा पोरगा पन्नास किलोचा धरला तर एकूण साडेतीन लिटर. त्यातलं अर्धा लिटर गेलं तर तो घाबराघुबरा होईल, नाडी थोडी वाढेल, पण शुद्धीवर असेल. लिटरच्या वर गेलं की रक्तदाब उतरतो, अंगाला गार घाम सुटतो, बोलणं तुटक आणि असंबद्ध होतं. खर्ड्यात तो "रक्ताच्या थारोळ्यात" दोन परिच्छेद शांतपणे बोलतो, ते काढा. फरशीवरचं रक्त काही मिनिटांत गोठतं, नंतर कडेनं पिवळसर पाणी सुटतं, आणि वाळलं की तपकिरी होतं. दुसऱ्या दिवशी "लालभडक डाग" नसतो.

वळ: मार बसल्याबरोबर अंग काळंनिळं होत नाही. आधी लाली आणि सूज, एक-दोन दिवसांत जांभळट, पाचव्या-सहाव्या दिवसाकडे हिरवट, मग पिवळट. सावळ्या कातडीवर हे रंग नीट दिसतच नाहीत. तिथं सूज लिहा. हात वर न नेता येणं, कुशीवर न वळता येणं लिहा.

आता सगळ्यात मोठी चूक. सोलापूरचा मे, पारा बेचाळीसच्या वर, पत्र्याखालचं बंद गोदाम, आणि चार दिवस पाण्याचा थेंब नाही. एवढे दिवस तो जगणारच नाही. अशा उष्णतेत शरीराचं आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलं की भ्रम, बडबड, झटके सुरू होतात. त्याआधी ओठ फुटतात, जीभ टाळ्याला चिकटते, लघवी गडद आणि थोडी होते, आवाज बसतो, रडलं तरी डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणजे चौथ्या दिवसापर्यंत तो जिवंत हवा असेल, तर कुणीतरी त्याला पाणी देत असलं पाहिजे. तो माणूस तुमच्या कथेत नाही. तो आणा. माझ्या मते कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र तेच ठरेल: रोज दार उघडून पाणी देणारं आणि दार पुन्हा लावणारं.

मृतदेह: "बर्फासारखा गार" हे मे महिन्यात विसरा. आजूबाजूची हवाच शरीराहून गरम असेल तर देह गार पडत नाही. ताठरपणा उन्हाळ्यात लवकर येतो आणि लवकर उतरतो. पहाटे दोनला मेलेला सकाळी नऊला सापडला तर अंग ताठ असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला तर ताठरपणा बराचसा गेलेला, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग, फुगवटा, वास, माश्यांची अंडी. अंगाच्या खालच्या बाजूला रक्त साकळून जांभळट डाग धरतात, आणि काही तासांनी ते पक्के होतात. त्यानंतर देह हलवून पालथा टाकला तरी डाग पाठीवरच राहतात. कुणी देह हलवला हे उघडं पडायला एवढं पुरतं.

कडकभाकरी

मागाबद्दल बोलतो, कारण शेवटचा प्रसंग मुळातच चुकीचा आहे ओ. माग म्हणजे उसाचा चरक नाही, तो हात आत ओढून घेत नाही. मागावर अपघात होतो तो धोटा उडून. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. पेटीत नीट बसला नाही, ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटून अडकले किंवा धोट्याला फटका देणाऱ्या पिकरची पट्टी ढिली झाली की तो बाहेर सुटतो आणि शेजारच्या मागावरच्या माणसाच्या तोंडाला, डोळ्याला लागतो. बोटं जातात ती गिअरमध्ये किंवा पट्ट्यात, जाळी काढून ठेवलेली असते म्हणून. हात खेचला जाण्याचा शेवट कुठलाही विणकर वाचेल तिथंच अंक मिटेल.

दुसरं आवाजाचं. सोळा माग चालू असताना आत शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असतो. माणसं कानाशी तोंड नेऊन नाहीतर ओठ वाचून, हाताच्या खुणांनी बोलतात. गोदामातली किंकाळी मागावरच्या माणसाला ऐकू येणार नाही. तुमच्या खर्ड्यात ती ऐकून सगळे दचकतात. उलट करा. लाइट जाऊ द्या. सोळाही माग एका दमात थांबतात, आणि तेव्हा गोदामातला आवाज सगळ्यांना ऐकू येतो. तोवर "आपल्याला काय माहीत" म्हणायला जागा होती, आता नाही. मग लाइट येते आणि आपला माग चालू करायला प्रत्येकाला स्वतःच्या हातानं दांडी ओढावी लागते. माग आपोआप सुरू होत नाही. प्रत्येकाला ते करावंच लागतं.

पाणी देणारं माणूस हवं असेल तर कांडी भरणारी, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या कांडीवर सूत गुंडाळणारी बाई घ्या. ती मागावर बांधलेली नसते, कांड्यांची टोपली घेऊन सगळीकडे फिरते, गोदामातून सूत आणायला तिचं जाणं-येणं असतंच. शहरात पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून कारखान्यात पिंपं भरलेली असतात. घागर कुठून भरली, तांब्या किती ठेवला, याचा हिशेब कुणी विचारत नाही.

भुईकोट

कडकभाकरींचा लाइटचा प्रसंग हाच या कथेचा कणा व्हावा. तो का चालतो, हे मानसशास्त्रातल्या एका गाजलेल्या प्रयोगातून कळतं.

स्टॅन्ली मिलग्रम यांनी येल विद्यापीठात १९६१ साली सुरू केलेले प्रयोग. माणसाला सांगितलं जायचं की पलीकडच्या खोलीतल्या माणसानं उत्तर चुकवलं की विजेचा झटका दे. धक्के खोटे होते, ते देणाऱ्याला माहीत नव्हतं. तीस बटणं, प्रत्येक आधीच्यापेक्षा १५ व्होल्टनं जास्त, शेवटचं ४५० व्होल्टचं. मूळ प्रकारात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. या प्रयोगांवर नंतर टीकाही झाली, काहींना धक्के खोटे असल्याचा संशय होता. पण कथालेखकाच्या कामाचे आहेत ते प्रयोगाचे बदललेले प्रकार.

झटका खाणारा माणूस त्याच खोलीत बसवला तर शेवटपर्यंत जाणारे १६ झाले. त्याचा हात धरून झटक्याच्या पट्टीवर दाबावा लागला तर १२. बटण दुसरा कुणी दाबतोय आणि आपल्याकडे फक्त शेजारचं बारीकसारीक काम, असं असलं तर ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले. आणि बरोबरच्या दोघांनी मध्येच काम सोडलं, तर फक्त ४ जण पुढं गेले.

हे तुमच्या कारखान्यावर बसवा. मारणारा एकटा जॉबर. चौघं कामगार शेजारचं बारीक काम करणारे: एकानं कुलूप आणून दिलं, एकानं पोराचा मोबाइल मालकाकडे ठेवायला दिला, एकानं त्याच्या आईचा फोन आल्यावर "गावाला गेलाय" म्हटलं, एकानं त्याचे दोन माग सांभाळले. प्रत्येक काम मागच्यापेक्षा इतकं थोडंसं जास्त की नाही म्हणायला ठरावीक जागाच सापडत नाही. पंधरा व्होल्टची पायरी म्हणजे हेच. पहिल्या पानावर मारहाण ठेवलीत तर ही शिडी चढायला वाचक उरत नाही, तो पायथ्याशीच "ही माणसं वाईट" म्हणून मोकळा होतो.

शेवटच्या आकड्याचाही विचार करा. दोघं उठून गेले तर बाकीचेही बहुतेक जातात. मग कथेत कुणीच का उठत नाही, याचं पक्कं कारण लागेल. प्रत्येकावर उचल आहे हे पुरेसं नाही. दोघं एकमेकांशी बोलू शकत नाहीत असं काहीतरी हवं. मागांचा आवाज ते काम करतो.

सातरस्ता

कायद्याचं थोडक्यात. कथा आत्ताची असेल तर फौजदाराच्या कागदावर ३०२ लिहू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, खुनाचं कलम १०३. लोकांच्या तोंडी अजून "तीनशे दोन" आहे, तेव्हा संवादात चालेल, पंचनाम्यात आणि फिर्यादीत नाही. तीन दिवस किंवा जास्त कोंडून ठेवणं हे कलम १२७(३), दहा दिवस किंवा जास्त असेल तर १२७(४). जॉबर पोलिसांसमोर कबुली देतो आणि त्यावर खटला उभा राहतो, तेही चालणार नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा धरली जात नाही. न्यायवैद्यकताईंनी सांगितलेले पाठीवरचे डाग इथं कामाला येतात.

उचलीपायी माणूस बांधून ठेवणं म्हणजे वेठबिगारी. वेठबिगार पद्धतीविरुद्धचा कायदा १९७६ चा. त्यानुसार असं कर्ज रद्दच होतं, आणि सक्तीनं राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. चाळीस हजारांच्या उचलीशेजारी हा दंड ठेवून बघा. मालकाला हा आकडा तोंडपाठ असणं हे मारहाणीपेक्षा भयंकर आहे.

खऱ्या गुन्ह्यावरून लिहीत असाल तर नाव बदलून भागत नाही. गल्ली, वय, काम, तारीख यांतलं निदान तीन बदला. लैंगिक अत्याचाराची घटना असेल तर पीडितेची ओळख छापणं हा कलम ७२ खाली गुन्हा आहे.

उजनी

इथं सगळे "दाखवू नका"च्या बाजूनं झुकलेत, म्हणून विरोधात लिहिते. गरीब कामगारावरची हिंसा कायम पडद्याआडच राहिली आहे. पट्टी-मलमाची नोंद कलात्मक आहे, मान्य. पण ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याची पाठ कथेत दिसलीच नाही, तर वाचक सोफ्यावर बसून हळहळेल आणि चहा प्यायला उठेल. सूचकतेनं सभ्य वाचकाची सोय होते. क्रौर्य झाकणारा मालकही तेच करतो, दार लावून घेतो.

आणि संवादाबद्दल. मालक तेलुगू बोलणारा आणि पोरगा मराठी बोलणारा असं सध्या आहे. ते तसंच ठेवलं तर ही माणसाच्या क्रौर्याची कथा न राहता एका समाजाविरुद्धची कथा होईल. आपल्या पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या विणकर वस्तीत, मालक, जॉबर, कामगार एकाच भाषेचे असणं अगदी सहज आहे. सगळ्यांना एका घरातलं बोलणं द्या. नात्यातला मालक असेल, पोराला "बाळा" म्हणणारा, तर कोंडणं जास्त खरं होईल.

रातकिडा

उजनीताई, मुद्दा वजनदार आहे आणि मला बराचसा पटतो. म्हणूनच मी शून्य न म्हणता एकदा म्हटलं होतं. पण ते एकदा कुणाच्या बाजूनं, हे महत्त्वाचं. खर्ड्यात मारहाण जॉबरच्या डोळ्यांनी दिसते: हात वर गेला, पट्टा आला, पाठ फुटली. वाचक नकळत मारणाऱ्याच्या जागी उभा राहतो. तोच प्रसंग पोराच्या शरीरातून लिहा. त्याला स्वतःची पाठ दिसत नाही. त्याला दिसते समोरची सुताची गोणी, तिच्यावरचा वजनाचा आकडा, शिवण. दुखणं पहिल्या फटक्याला उशिरा कळतं, दुसऱ्याला तो आधीच आखडतो, पुढं मोजणं चुकतं. इथं काहीच झाकलेलं नाही, आणि बघण्याची मजाही नाही.

तपासायला एक रीत सांगतो. प्रसंग लिहून झाला की सगळी विशेषणं आणि "जणू", "सारखा" खोडा. उरलेल्या क्रियापदांवर प्रसंग उभा राहिला तर ठेवा. कोसळला, तर मुळात तिथं वर्णनाची हौस होती, घटना नव्हती. बाईवरच्या अत्याचाराचा प्रसंग असेल तर ही रीत दुप्पट कडकपणे लावा. तिथं शरीराचं वर्णन जखमेपुरतं राहत नाही, भलतीकडे घसरतं.

उजनी

गोणीवरचा आकडा मान्य. पण मग मोजणं चुकल्यावर वाक्यं लगेच नीटनेटकी होऊ देऊ नका. त्यानंतरचं निदान अर्धं पान त्याच्या डोक्यातलंच राहू दे.

ताणाबाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. यावरून नवी मांडणी अशी करतोय:

सुरुवात उचल घेण्यापासून, मालक नात्यातला. पहिले बाराशे शब्द कारखाना, वही, गोदाम, किल्ली. मग चार पायऱ्या, चार माणसं. पहिल्या दिवसापासून कांडीवाली पाणी देते. तीन हजारांच्या आसपास मारहाण, पोराच्या अंगातून, दीडशे शब्द, आणि पुढचं अर्धं पान उजनीताईंनी सांगितल्यासारखं. मग लाइट जाते. हात खेचला जाण्याचा शेवट काढला. चौथ्या रात्री रातपाळीला कांडीवाली येत नाही, पाणी कुणी देत नाही. सकाळी जॉबर आणि एक कामगार देह हलवतात, डाग पाठीवर. पोलिसांचा भाग तीनशे शब्दांत.

जॉबरच्या तोंडी एकच वाक्य ठेवलंय, लाइट गेल्यावर गोदामाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या कामगाराला: "काय करलालास बे इथं? माग कोण बघणार?"

अंकात कथेच्या वर एक ओळ सूचना टाकावी का, की आत मारहाण आणि कोंडून ठेवण्याचे प्रसंग आहेत?

न्यायवैद्यक

टाका. विषय सांगा, शेवट सांगू नका. अशा अनुभवातून गेलेल्या वाचकाला तेवढं पुरतं आणि बाकीच्यांचं काही बिघडत नाही. देहाबद्दल एक: डाग पाठीवर पक्के व्हायचे तर मेल्यापासून हलवेपर्यंत तो कित्येक तास उताणा पडलेला हवा. पहाटे पाचला मेला आणि सहाला हलवला, असं लिहू नका. मध्यरात्रीच्या सुमारास मेला आणि सकाळी आठनंतर हलवला, हे बसेल.

कडकभाकरी

आठनंतर हलवला तर पाळीबदल मध्ये येतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर सकाळी दिवसपाळीची माणसं आत आलेली असतील, म्हणजे चार नाही, आठ जणांना दिसेल. एकतर मालकानं दिवसपाळीला सुट्टी दिल्याचं दाखवा, आणि मग सुट्टीचं कारण काय सांगितलं तेही लिहावं लागेल, नाहीतर देह हलवताना सगळे माग चालू ठेवा आणि सुताच्या गोण्यांच्या हातगाड्यावरून न्या. कांडीवालीचं मात्र नीट बघा. कांडी भरण्याचं काम बहुतेक दिवसाच चालतं, रातपाळीला ती नसणं नेहमीचंच. पहिल्या तीन रात्री पाणी कोण ठेवत होतं, हे ठरवल्याशिवाय चौथी रात्र उभी राहणार नाही. जाताना ती तांब्या भरून आत ठेवून जायची आणि चौथ्या संध्याकाळी गोदामाची किल्ली तिला मिळाली नाही, असं केलंत तर किल्ली त्या दिवशी कुणाच्या खिशात होती, एवढंच लिहायचं राहतं.